हातमोजे घालून दाबायचं बटण

"हे ज्यानं बनवलं, त्यानं जन्मात हातमोजे घातले नसतील."

फेरीबोटीवर गाड्या चढवून घेणारा तो तरुण ओल्या टॅब्लेटवर तिसऱ्यांदा बोट घासत पुटपुटला. एप्रिलचा बोचरा, तिरका पाऊस लागत होता. मी कॉफीचा कप खाली ठेवला... गाड्यांची नोंद करणारं ते ॲप मीच बनवलं होतं.

"त्यानं नाही, तिनं," मी म्हटलं. "आणि हातमोजे आहेत माझ्याकडे. लोकरीचे."

तो वळला आणि कानांपर्यंत लाल झाला. नाव एडविन, राहणार पलीकडच्या बेटावर. मी विल्या, तुर्कू शहरातून आलेली. महिनाभर हे ॲप बोटींवर वापरून बघायचं ठरलं होतं. खलाशांना पटलं नाही, तर पुन्हा कागदी याद्या, आणि माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

आतल्या बाकावर मी लॅपटॉप उघडला. तो भिजलेल्या जॅकेटसकट शेजारी टेकला आणि विचारत राहिला. मी सांगितलं, की जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतल्या आमच्या कामात सगळं सुट्या भागांचं असतं. बटण हा एक भाग, यादी हा दुसरा. एकदा घडवायचा आणि हवा तिथे बसवायचा. मूळ भाग बदलला की सगळीकडे बदलतो.

"आणि बिघडवला तर?"

"सगळीकडे बिघडतो. म्हणून जरा गप्प बसा."

तो गप्प बसला. माझंच लक्ष लागेना. तरी किनारा यायच्या आत बटण तळहाताएवढं झालं. एडविननं ओल्या हातमोज्यानं ते दाबलं, पहिली गाडी यादीत चढली, आणि तो असा हसला की मी उतरायचंच विसरले.

मग दर शुक्रवारी मी बोटीवर. दर वेळी त्याच्याकडे नवी तक्रार. हळूहळू 'तुम्ही'चं 'तू' झालं. एकदा म्हणाला, उन्हात यादी दिसत नाही. मी खिडकीबाहेर पाहिलं. सगळं करडं.

"ऊन कुठंय, एडविन?"

"निघेल... तू थांबलीस तर."

मे महिन्यात निर्णय आला. ॲप सगळ्या बोटींवर लागणार होतं. ऑफिसात केक कापला, सगळे माझी पाठ थोपटत होते, आणि माझ्या मनात एकच – आता शुक्रवारी जायला निमित्त काय?

तरीही गेले. लॅपटॉप न घेता. शेवटची गाडी चढवून एडविन आला. माझे रिकामे हात पाहून थबकला.

"आज काय तपासायचंय?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तुझ्यासाठी आले."

त्यानं हातमोजा काढला आणि माझा हात हातात घेतला – गरम, खरखरीत हात.

"मी तीन तक्रारी तयार ठेवल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "तिन्ही खोट्या."