धारूर, अंबाजोगाई, चकलांबा

"खोटारडा मेला!"

धारूरच्या किल्ल्यात, कोरड्या हौदाच्या काठावर उभी राहून शिवकन्या एकटीच बोलली. हातात झेरॉक्सचा कागद होता. बीडच्या बसस्थानकासमोरच्या दुकानात तो तिला मिळाला होता. 'गाईडशिवाय एका दिवसात धारूर' असं वर मथळ्यात होतं आणि खाली वळणदार अक्षरात वाट सांगितलेली होती. 'तट उजव्या हाताला ठेवून चाला. दोनशे पावलांवर हौद लागेल. पाण्यात पाय सोडून दहा मिनिटं बसा. घाई करू नका.'

आणि समोर काय, तर भेगाळलेला चिखल, एक तुटकी चप्पल आणि एप्रिलचं पांढरं ऊन!

"मेला न्हाई अजून," मागून आवाज आला. "आन् खोटारडाबी न्हाई. मी लिहिलं तवा पाणी होतं."

ती दचकून वळली. बाभळीच्या सावलीला एक सडपातळ तरुण उभा होता. बाह्या दुमडलेला फिकट निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, आणि ओठ दाबून धरलेलं हसू...

"तुम्ही लिहिलंय हे?"

"होय. त्रिंबक. चकलांब्याचा."

"मग कागदावर तारीख टाकायची ना! मी पाय धुवायच्या आशेनं आले."

"चुकलंच. पाण्यालाबी तारीख टाकावी लागेल असं वाटलं न्हवतं, मॅडम."

तो हे हसत हसतच म्हणाला, पण म्हणून झाल्यावर दोघंही हौदाच्या कोरड्या तळाकडे बघू लागले. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. शिवकन्येच्या तेलगावात चार दिवसांनी टँकर यायचा. तिचे वडील सुंदरराव ज्या सहकारी कारखान्याचे संचालक होते, त्याच्या धुराड्यातून दोन हंगाम धूर निघाला नव्हता. ऊसच नाही तर गाळणार काय? घरात बोलणं कमी झालं होतं. म्हणून ती बीडला क्लासच्या निमित्तानं खोली घेऊन राहत होती, आणि रविवारी खोलीवर जीव रमेना म्हणून आज एसटीत बसली होती. इतक्या जवळचा किल्ला, पण आजवर तिनं तो फक्त रस्त्यावरून पाहिला होता.

"उरलेला किल्ला तरी खरा आहे का?" तिनं विचारलं.

"बघा की. तुमी पुढं चला, मी मागून येतो. कुठं चुकीचं लिहिलंय ते सांगा. खोडून टाकतो."

ती कागद वाचत पुढं, तो पेन्सिल घेऊन मागं. बुरुजावर वारा तापलेला होता. तिची ओढणी उडून त्याच्या हातावर पडली, तेव्हा त्यानं ती सावकाश, बोट न लावता, नुसत्या मनगटानं बाजूला केली. तिनं ते पाहिलं... आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्रिंबकनं डी.एड. केलं होतं. शिक्षकभरती निघेल म्हणून चार वर्षं वाट पाहिली होती. बीडमध्ये एका क्लासवर तो तासिकेनं शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुनी गावं पायाखाली घालायचा. तट, वेशी, लेणी, बारव... लोकांनी कुणाला न विचारता, आपलं आपण बघावं म्हणून कागद लिहायचा.

"कावून पण?" परतीच्या एसटीत तिनं विचारलं. "कोण येतंय इथं बघायला?"

"तुमी आलात की."

खिडकीबाहेर सगळा बालाघाट करपलेला होता, पण तिला त्या दिवशी तो इतका उजाड दिसला नाही.

पुढचे सगळे रविवार मग असेच आले. बीडच्या कंकालेश्वराच्या देवळाला ते गेले, तेव्हा एरवी पाण्यात उभं असणारं देऊळ कोरड्या मातीत उघडं पडलं होतं. त्रिंबक चौथरा चाचपत म्हणाला, "हे दगड कुणाच्या नजरेला पडायचे न्हवते. दुष्काळानं दाखवले." शिवकन्या म्हणाली, "तुम्हीसुद्धा." तो नुसता लाजला. कानापर्यंत लाल झाला! एवढा बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याला पुढची वाट सांगता येईना.

ऑगस्ट कोरडा गेला. सप्टेंबरात दोन सरी आल्या, अंगणातली धूळ बसली, संपलं. माणसं आभाळाकडं बघायचीही बंद झाली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ते अंबाजोगाईला गेले. हत्तीखान्याच्या लेण्यात दुपारी चिटपाखरू नव्हतं. आत गारवा, बाहेर अंगणात पाषाणाचे हत्ती. तिनं पिशवीतून डबा काढला. भाकरी, ठेचा, आणि येताना धारूरच्या फाट्यावर घेतलेली दोन सीताफळं. फळं लहानच होती, पण गोड. त्रिंबक खात नव्हता.

"काय झालं? ठेचा तिखट आहे का?"

"न्हाई."

"मग कागदात काही चुकलं?"

"शिवकन्या..." त्यानं तिचं नाव असं पहिल्यांदाच, मॅडम न लावता घेतलं होतं. "पुढच्या रविवारी मी न्हाई. दसरा झाला की गाडी भरतीय आमची. कर्नाटकात जायचं, उसाला."

तिला आधी कळलंच नाही. "कोण? तुम्ही?"

मग त्यानं सगळं सांगितलं, खाली बघत, सीताफळाच्या बिया एका ओळीत मांडत. त्याचे वडील रामहरी आणि आई वत्सलाबाई दर वर्षी ऊसतोडीला जात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम जोडीच घेतो. मागच्या माघात वत्सलाबाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना घसरली. कंबर गेली. आता ती भिंत धरूनच उठते. रामहरी एकटा राहिला. अर्ध्या कोयत्याला कुणी गाडीत घेत नाही, आणि गावात कुणाच्याच रानात काम नाही.

"म्हणून आईच्या जागी मी."

"आणि भरती? तुमचं शिकणं?"

"ह्या वर्षीबी निघाली न्हाई. आणिक किती थांबायचं?... आईला दवापाणी लागतं."

बाहेर कुठंतरी साळुंक्या भांडत होत्या. शिवकन्येनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. पेन्सिलीनं काळी झालेली लांबट बोटं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी आला असता का?"

"आले असते."

"म्हणूनच न्हाई सांगितलं." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "त्या दिवशी किल्ल्यात तुमी मला शिव्या देत होता ना... तवापासून..."

"पुरं करा वाक्य."

"तवापासून मला त्या हौदात पाणी हाय असंच वाटतंय."

तिचे डोळे भरले. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं काढून घेतला नाही. मग तिनं ते बोलून टाकलं.

"कोयत्याला जोडी लागते ना? मग मी येते."

"गप!"

इतक्या मोठ्यानं तो कधीच बोलला नव्हता. लेण्यात आवाज घुमला. त्याचं त्यालाच वाईट वाटलं. हळू आवाजात तो म्हणाला, "तुला ठावं न्हाई. पहाटे तीनला उठायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं... माझी आई पस्तिशीत म्हातारी झाली, मी डोळ्यांनी बघितलंय. तुला मी तिथं नेईन? त्यापरीस मी..."

"मग मी थांबते. हंगाम संपेपर्यंत."

"आन् पुढच्या हंगामाला?"

तिनं डबा पिशवीत भरला. संध्याकाळच्या एसटीत ते एकाच बाकावर बसले, बीड येईपर्यंत खांद्याला खांदा लावून.

दसऱ्याला ती घरी गेली आणि वडिलांना सांगून टाकलं. सुंदररावांना घरात सगळे आप्पा म्हणत. ओट्यावर ते पेपर वाचत होते. तिला वाटलं होतं, ते ओरडतील. त्यांनी पेपराची घडी घातली.

"कोणाचा पोरगा?"

"रामहरी म्हणून आहेत, चकलांब्याचे. ऊसतोडीला जातात."

"तोडणीवाल्याचा." आप्पांनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. "लेकी, हंगामाला कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा मान सात वर्षं माझा होता. ती मोळी कोण तोडून आणतं, कुठं निजतं, काय खातं... आमी कधी इचारलं न्हाई. तुझ्यामुळं आज इचार आला. आन् इचार आला म्हणूनच सांगतो, त्या घरात तुला मी देणार न्हाई."

"आप्पा, तो शिकलेला आहे..."

"शिकलेला हाय आन् कोयता घेऊन चाललाय. कारखाना बंद हाय, रान पडीक हाय, माझ्याकडं तुला द्यायला काय बी उरलं न्हाई. एक लगीन तरी धड करू दे मला."

ते रागानं बोलले असते तर ती भांडली असती. पण त्यांचा आवाज दमलेला होता, आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

चार दिवसांनी गाड्या निघाल्या. बीडच्या बाहेर, सोलापूरच्या रस्त्याला, ती ओढणी डोक्यावर घेऊन थांबली. एकामागून एक ट्रक गेले. वर पत्र्याच्या पेट्या, हंडे, शेळ्या, बाया, बापे. अकराच्या सुमाराला फिकट निळा शर्ट दिसला. त्रिंबक मागच्या फळक्याला टेकून उभा होता, शेजारी पागोटं घातलेले वडील. त्यानं तिला ओळखलं. हात केला नाही. नुसता बघत राहिला... ट्रक वळेपर्यंत.

आधी दर रविवारी त्याचा फोन यायचा. कुणाच्या तरी मोबाइलवरून, पाच मिनिटं.

"हात कसे आहेत?"

"शिकतायत." मग हसून, "इथं जवळ एक जुना किल्ला हाय म्हणं. सुट्टी मिळाली की बघून येतो. कागद लिहून ठेवीन तुझ्यासाठी."

सुट्टी कधी मिळालीच नाही. डिसेंबरात फोन दोन मिनिटांवर आला. एकदा तो बोलता बोलता झोपून गेला, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. ती फोन कानाला लावून तशीच बसली. जानेवारीत फोन बंद झाला. तिनं त्या नंबरावर लावून पाहिलं, तर दुसराच कुणी म्हणाला, "ती टोळी पुढच्या गावाला गेली, ताई."

इकडे लातूरचं स्थळ आलं. मुलगा पतपेढीत नोकरीला. आप्पा रोज संध्याकाळी फोन करून एवढंच विचारत, "काय ठरवलंस?"

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शिवकन्या गेवराईच्या गाडीत बसली आणि तिथून चकलांब्याला. या वाटेचा कागद तिच्याजवळ नव्हता. विचारत विचारत ती गेली. अर्ध्या घरांना कुलपं होती, सगळी माणसं उसाला. गावाच्या कडेला पत्र्याच्या घरासमोर एक बाई भिंतीला टेकून तूर निवडत होती. डोळे अगदी त्रिंबकचे.

"वत्सलाबाई?"

बाईनं मान वर केली. क्षणभर बघितलं आणि सूप खाली ठेवलं. "तू शिवकन्या."

तिनं भिंत धरली, कष्टानं उठली. "नको, बसा" म्हणेपर्यंत ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तांब्या काठोकाठ भरलेला होता. तेवढं पाणी त्या गावात कुणी कुणाला देत नव्हतं त्या दिवसांत. शिवकन्येनं दोन घोट घेतले, बाकीचं परत दिलं.

"त्रिंबक कसा आहे? फोन नाही त्याचा..."

वत्सलाबाईनं पदर तोंडाला लावला. पुन्हा काढला.

"त्यानं सांगून ठिवलंय मला. ती आली तर सांग म्हणला..." ती थांबली. "सांग म्हणला, माझं लगीन झालं. तिकडंच, टोळीतल्या पोरीशी. आता तिनं वाट बघू न्हाई."

शिवकन्या उंबऱ्यावर बसली.

"झालं लग्न?"

म्हातारी, जी म्हातारी नव्हतीच मुळी, तिच्याकडे बघत राहिली. आणि तिचे डोळे वाहू लागले.

"न्हाई ग माय. कुठलं लगीन! मला न्हाई येत असं खोटं बोलता. लई शिकवलं त्यानं फोनवर, दोन-तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून... पर तू समोर आलीस आन् मला न्हाई जमलं."

दोघीही रडल्या. वत्सलाबाईनं तिला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावरून आपला खरखरीत हात फिरवला.

"तो बोटं बांधून कोयता धरतो म्हणं. रातचं नाव घेतो तुझं, त्याचा बाप सांगत हुता. पर पोरी, एक आईक माझं. मी सतरा वर्सं मोळ्या वाहिल्या. मला लेक न्हाई. असती तर तिला मी तिथं धाडली नसती. तू ते... लगीन झालं ते... खरं धर. त्याच्यासाठी न्हाई तर माझ्यासाठी."

शिवकन्येनं सूप उचललं आणि उरलेली तूर निवडायला बसली. खडे वेगळे, दाणे वेगळे. वत्सलाबाई तिला बघत राहिली. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा शिवकन्या उठली, खाली वाकली, तिच्या पाया पडली.

"धरते," ती म्हणाली.

ती बीडला उतरली नाही, थेट तेलगावला गेली. दिवस मावळत होता. आप्पा ओट्यावर बसले होते. तिला अशी अवेळी, धुळीनं माखलेली पाहून ते उठून उभे राहिले.

"कुठं गेलतीस?"

"चकलांब्याला."

ते थांबले. मग, आवाजात नको तेवढी काळजी येऊ न देता, त्यांनी विचारलं, "कसा हाय तो?"

"बरा आहे," शिवकन्या म्हणाली. चप्पल काढली, ओट्याच्या कडेला नीट लावली. "लग्न झालं त्याचं, आप्पा. तिकडंच. टोळीतली मुलगी आहे."

आप्पांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"लातूरला कळवा," ती म्हणाली आणि आत गेली.