ब्रेक तपासायला

चाकं अशी पटकन पळतील, हे बबिताच्या ध्यानातच आलं नाही. परभणीच्या सर्जिकलच्या दुकानात ती चार चाकांच्या वॉकरच्या सीटवर टेकली मात्र — आणि गाडी सरकली मागं! ती पडणार, तोच कुणीतरी दांडा घट्ट धरला.

"आधी ब्रेक, मग बसणं," दुकानात काम करणारा अमृत म्हणाला. हसू दाबायचा त्याचा प्रयत्न काही जमत नव्हता.

"हसायलात कशाला? पडले असते की मी!"

"पडू दिलं असतं व्हय..."

ती लाजली. लाजलेलं दिसू नये म्हणून तिनं लाल चकचकीत वॉकर पुढं ओढला. "हाच द्या."

"न्हाई देणार."

"का?"

"चाकं लय बारकी हायत. फरशीवर चालंल, खड्यांच्या अंगणात अडकंल. कोणासाठी पायजे?"

मग सांगावंच लागलं. ताडकळसचे सटवाजी, तिचे वडील. जन्म मेंढरांमागं गेला. उन्हाळ्यात घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. डॉक्टर चाला म्हणतात आणि आबा खाट सोडत नाहीत. घरात आई नाही, भावंडं नाहीत...

"रविवारी मीच येतो," अमृत हळूच म्हणाला. "त्यांना उभं करून माप घ्यावं लागतं."

"सगळ्याच गिऱ्हाइकांच्या घरी जाता?"

"न्हाई..." आणि तो उगाच एका वॉकरची ब्रेकची तार ओढून पाहू लागला.

रविवारी तो मोटारसायकलला मोठ्या चाकांचा वॉकर बांधून आला. सटवाजींनी तोंड फिरवलं. "लेकरांची गाडी हाय ही. मी धरत न्हाई."

"काका, आमचीबी मेंढरं हायत पोखर्णीला. कळपाकडं जायचं का छताचे पत्रे मोजत पडायचं, तुमीच ठरवा."

म्हाताऱ्यानं वॉकरकडं हात लांबवला.

अमृतनं त्यांना ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या रेषेत वॉकरच्या मुठी बसवल्या. "गाडी लांब ढकलायची न्हाई, तिच्या जवळ ऱ्हाऊन चालायचं. बसताना सीट पायाला लागंस्तवर मागं सरकायचं, दोन्ही ब्रेक दाबून पक्के करायचे... आणि बसवून कुणी ढकलायचं न्हाई."

शेवटचं त्यानं बबिताकडं बघून सांगितलं. तिनं ते ऐकलं, की नुसते त्याचे डोळेच पाहिले — कोण जाणे.

त्यानंतर तो दर रविवारी ब्रेक तपासायला येऊ लागला. ब्रेक ठणठणीत होते. चहा व्हायचा, मेंढरांच्या गप्पा व्हायच्या, आणि सटवाजी अंगणाला एकेक फेरा वाढवायचे. दिवाळीच्या सुमाराला त्याच्या तोंडी "काका"चं "मामा" झालं, सासऱ्याला हाक मारतात तसं. बबिता गॅसपुढं पाठमोरी होती, तरी तिची कानशिलं तापली.

मग ती चूक झाली. आबांना बाजाराला न्यायला उशीर झाला म्हणून तिनं त्यांना सीटवर बसवलं आणि ढकलत निघाली. पुढचं चाक दगडाला अडलं, वॉकर कलंडला. तिनं आबांना अंगावर झेललं. त्यांना खरचटलंही नाही, तिचं कोपर मात्र सोललं. तिनं लगेच अमृतला फोन लावला.

तासाभरात तो दारात हजर. आधी त्यानं सटवाजींना उभं करून चार पावलं चालवून पाहिलं, मग तिचं कोपर धुतलं — आणि मग भडकला. "सांगितलं होतं ना! खुबा पुन्हा मोडला असता तर?"

"रागवा..." तिचे डोळे भरले. "लय रागवा. पण येणं बंद करू नका."

त्यानं खिशातून पट्टी काढली. राग कुठल्या कुठं गेला.

"बबिता, लग्नाचं इचारलं तर... काय म्हणशील?"

"आबाला सोडून मी कुठंबी जाणार न्हाई."

"ठाव हाय मला." तो पट्टीचं टोक तिच्या कोपरावर चिकटवत राहिला. "म्हणूनच मागच्या आठवड्यात आमच्या घराचा उंबरठा काढला. पायऱ्यांवर उतार बांधला. मामाचा वॉकर थेट आत यायला पायजे..."

पट्टी लावून झाली तरी बबितानं कोपर मागं घेतलं नाही.

"आई इचारायलीय, कोण येणार हाय म्हणून," तो म्हणाला.

"मग? काय सांगितलंस तू?" तोंडून "तू" कधी निघालं, तिला कळलंच नाही.

"तुला इचारून सांगतो म्हणलं."

बाहेर सटवाजी एकटेच, सावकाश, मेंढरं कोंडायच्या वाडग्याकडं निघाले होते. बबितानं त्यांच्याकडं पाहिलं, मग अमृतकडं.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "दोघं येणार हायत."