दाव्यासकट

नाचणगावच्या श्रावणजींनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पाटी हातात धरली. तोवर त्यांचा सारा कारभार डोक्यात चालायचा. कोणत्या वाफ्यात वांगी, कोणत्या वाफ्यात कोथिंबीर, कोणत्या बैलाचा खूर दुखतो, सगळं. अक्षर आल्यावर त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग बायकोचं, कुंता. पुढं तर जे दिसेल त्याचं नाव लिहायची सवयच लागली.

आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना एकच काम उरलं होतं. दुपारचं जेवण झालं की कूलरसमोर खुर्ची ओढायची, कॉम्प्युटर उघडायचा आणि एका बोटाने फोटोंखाली नावं लिहायची. पुलगावात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने, किशोरने, घरचे, सोयऱ्यांचे, अर्ध्या गावाचे जुने फोटो मशीनमधून काढून साठवले होते. दोन हजारांच्या वर फोटो. मूळचे अल्बम मागल्या पावसाळ्यात वाळवीनं खाल्ले. फोटो आता फक्त बियाण्याच्या खोलीतल्या सर्व्हरच्या काळ्या पेटीत होते आणि त्यांतली माणसं कोण, ते फक्त श्रावणजींच्या डोक्यात होतं.

"मी गेलो का हे सारे बिननावाचे होऊन जातीन," ते म्हणत.

पेटी फार मंद होती. एक फोटो उघडेस्तोवर चहा निवायचा. शेवटी किशोर म्हणाला, "बाबा, हिले एक कॅशे ड्राइव्ह लावू. जसं आपन माल आधी ओसरीवर उतरवतो अन् मंग सावकाश कोठीत भरतो, तसं. जे घडीघडी लागते ते ओसरीवरच राहाते."

दोघं नागपूरला गेले. दुकानदाराने दोन ड्राइव्ह पुढे ठेवले. एक कोरा करकरीत, दुसरा जुना, जाड, कोपरे घासलेला.

"हे नवं हाय, पन हलकं," किशोर म्हणाला. "रोज लग्नाचे व्हिडिओ टाकले तं दोन वर्सांत थकन. हे जुनं मोठ्या कंपनीत दिवसरात चाललेलं हाय, तरी नव्वद टक्के दम बाकी हाय त्याच्यात. अन् लाइट गेली तरी हातातलं लिहिनं पुरं करूनच बंद होते."

श्रावणजींनी आयुष्यभर आष्टीच्या बाजारात बैलांचे दात पाहिले होते. "दात दाखवा म्हना त्याचे," ते म्हणाले.

दुकानदाराने पडद्यावर आकडा दाखवला. एकेचाळीस हजार तास. जवळपास पावणेपाच वर्षं एका जागी, एका दावणीला.

"कोनत्या गावचा?"

"काकाजी, त्याचा पत्ता नसते. लॉटमधून येते माल."

जुन्या ड्राइव्हला त्याची पत्र्याची चौकट तशीच होती. त्या चौकटीनेच तो आधीच्या जागी बसवलेला असायचा. ती पाहून श्रावणजी पटकन म्हणाले, "हे दावं काढून घ्या तुमी. बैल विकला तं दावं विकनाऱ्याच्या घरीच राहाते."

दुकानातले सगळे हसले. किशोरही हसला. "बाबा, चौकट नसली तं बसन कशात हे?"

मग श्रावणजीही हसले. चार माणसं हसत असताना एकट्याने गंभीर राहणं अवघड असतं.

घरी आल्यावर कुंताबाईंनी दारातच चेष्टा केली. नवा बैल आला की त्या त्याच्या पायावर पाणी घालत, हाताने भाकर चारत आणि अंगणात तीन फेरे फिरवत, म्हणजे जुन्या गावाची दिशा तो विसरतो. "याले भाकर कुठून चारू? तोंड कुठी हाय याचं?" त्या म्हणाल्या आणि सुपातली डाळ पाखडत राहिल्या. फेरे राहिलेच.

ड्राइव्ह लागला आणि फोटो फटाफट उघडू लागले. बोट उचलायच्या आत माणसं समोर हजर. ज्येष्ठाच्या त्या दुपारी मोठ्या सुखाच्या गेल्या. कूलरचा ओला वाळ्याचा वास, खिडकीतून येणारी पिवळी तिरीप आणि पडद्यावर एकामागून एक मेलेली, म्हातारी झालेली, परगावी गेलेली माणसं. श्रावणजींना मध्येच डुलकी लागे आणि डोळा उघडला की झोपेतलं माणूस कोणतं आणि पडद्यावरचं कोणतं, ते क्षणभर कळत नसे.

पहिल्यांदा त्यांना खटकला तो नदीकाठचा फोटो. मागे वर्धा नदी, पुढे पाच जण. मधे शेजारचे प्रभाकरराव. पाचही जण कॅमेऱ्याकडे पाहत होते, हे श्रावणजींना पक्कं आठवत होतं. आता पाचही माना जराशा उजवीकडे वळलेल्या होत्या, कोणी हाक मारल्यासारख्या.

वय झालं, ते मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरापुढचा लग्नातला फोटो. तिथे सगळे डावीकडे पाहत होते. खाली त्यांनीच महिन्याभरापूर्वी लिहिलेलं होतं, 'कुंता. नाकात माझ्या आईची नथ.' फोटोत पदराआडून कुंताबाईंचा गाल तेवढा दिसत होता. नथ दिसत नव्हती.

त्यांनी किशोरला बोलावलं. किशोरने वाकून पाहिलं. "असेच तं होते बाबा फोटो."

"मंग मी नथ काऊन लिहिली?"

"आठवनीतून लिहिली असन."

किशोर खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवत होतं.

श्रावणजी मनात दिशा लावू लागले. नदीकाठी फोटो काढणाऱ्याचं तोंड मावळतीकडे होतं, कारण नदी मावळतीला. तिथे उजवा हात म्हणजे उत्तर. घराचं दार मावळतीला, म्हणजे घरापुढे फोटो काढणाऱ्याचं तोंड उगवतीकडे. तिथे डावा हात म्हणजे उत्तर. त्यांनी आणखी दहा फोटो उघडले. शेतातले, बाजारातले, मुंजीतले. माणसं कुठेही उभी असोत, सगळी उत्तरेकडे पाहत होती.

मग विहिरीवरचा फोटो उघडला. त्यात उत्तर माणसांच्या मागे होती. कुंताबाई पूर्ण पाठमोऱ्या झाल्या होत्या. आंबाड्यात शेवंतीचं पिवळं फूल होतं.

"कुंता," त्यांनी हाक मारली, "विहिरीवर फोटो काढला त्या दिवशी आंबाड्यात काही होतं का वो तुह्या?"

"शेवंती होती," त्या चुलीपाशी हसल्या. "पन ते तं मागून होतं. तुमाले कसं मालूम?"

श्रावणजींनी तो फोटो बंद केला. त्यांना पाखऱ्या आठवला.

पाखऱ्या बैल त्यांनी आष्टीच्या बाजारातून आणला होता, दाव्यासकट, कारण विकणारा घाईत होता. गोठ्यात तो सतत आपल्या गावाकडे तोंड करून उभा राही. त्यांनी गव्हाण दुसऱ्या बाजूला हलवली तर त्याने वैरण सोडली, पण तोंड फिरवलं नाही. अठराव्या दिवशी तो गेला. सापडला तो जुन्या मालकाच्या अंगणात. आणि त्याच्या शेजारी, श्रावणजींची कपिला वासरी. तिला कोणी ओढून नेलं नव्हतं. ती नुसती त्याच्या बाजूला बांधलेली असायची. ती आपणहून त्याच्या मागे चालत गेली होती.

पाखऱ्या परत दिला. वासरी घरी आणली. पण मरेस्तोवर तीही तिकडेच तोंड करून उभी राहिली.

"काढ ते," श्रावणजी किशोरला म्हणाले. "आताच्या आता."

"बाबा, लगीनसराईचं काम हाय…"

"काढ म्हनलं ना!"

इतक्या वर्षांत बापाचा आवाज असा चढलेला किशोरने ऐकला नव्हता. त्याने पेटी बंद केली, वायर ओढली. पेटीवरचे सगळे दिवे गेले. फक्त चौकटीतला हिरवा ठिपका एक श्वासभर जळत राहिला. हातातलं काम पुरं करत होता.

मग तोही विझला.

किशोरने ड्राइव्ह काढून श्रावणजींच्या हातात दिला. कोमट होता, जनावराच्या कानासारखा. किशोरने पेटी पुन्हा सुरू केली आणि स्टुडिओचा फोन आला म्हणून तो बोलत बोलत बाहेर अंगणात गेला.

पेटी पूर्वीसारखी मंद झाली होती. लग्नातला फोटो वरून खाली, पट्टी पट्टी करत उघडू लागला. आंब्याचं तोरण आलं. दार आलं. मांडवाचे खांब आले. सतरंजी आली.

माणूस एकही नव्हता.

खाली नावं होती. एकवीस नावं, त्यांच्या हाताची.

पुढचा फोटो. नदी, रिकामा काठ, पाच नावं.

विहिरीचा फोटो त्यांनी उघडला नाही. ते उठले आणि ड्राइव्ह हातात तसाच घेऊन अंगणात आले.

ऊन कलंडलं होतं. किशोर फोन खाली धरून उभा होता. सून प्रेरणा पायरीवर मेथी निवडत होती. कुंताबाई बाजेवर बसल्या होत्या. तिघांची तोंडं उत्तरेकडच्या भिंतीकडे होती. भिंतीवर काही नव्हतं, पांढरा चुना तेवढा.

"कुंता."

"हो, आली," त्या गोड आवाजात म्हणाल्या. वळल्या मात्र नाहीत.

त्यांच्या आंबाड्यात शेवंतीचं फूल होतं. ज्येष्ठात. पाकळ्यांवर पाणी होतं.

श्रावणजींनी दुसऱ्या हाताने अंगणातली खुर्ची उचलली. तिच्या आणि भिंतीच्या मधे बसायचं, समोरासमोर, तोंड पाहायचं, आणि मग हलायचंच नाही. ती उठली तर आपल्याला ओलांडूनच जावं लागेल. ते बाजेला वळसा घालून गेले, खुर्ची टेकवली आणि बसले.

समोर पांढरी भिंत होती.

पाठीमागून शेवंतीचा वास आला.

"हातातलं खाली ठेवू नका," कुंताबाई हळूच म्हणाल्या. "मालकाले परत द्या लागन."