बोटभर सुटलेली भिंत

दुपारी मी खाली बाकावर का येत नाही, असं तुम्ही दोनदा विचारलंत, जयतीर्थराव. दोन्ही वेळा मी गुडघ्यांचं नाव सांगितलं. गुडघे माझे ठीक आहेत. आज वीज गेलीय, लिफ्ट बंद आहे, आणि तरी तुम्ही पाचव्यावरून पाच मजले चढून आलात. बसा. मेणबत्ती जरा अलीकडं घेतो. सांगतो, पण सावकाश. मला भरभर बोलता येत नाही.

दसऱ्याच्या सुट्टीतली गोष्ट. मी खाली गाडीवरून कोथिंबीर आणायला गेलो होतो. वर आलो तर माझी नात गौरी पलंगावर भिंतीला टेकून बसलेली आणि समोर टीव्हीवर तिचा तो गेम. मुलगा अभिजीत आणि सूनबाई शुभदा दोघंही ऑफिसात. येलहंका सोडून इथं इलेक्ट्रॉनिक सिटीत आलो त्याला चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत पोरीला एक मैत्रीण मिळाली नव्हती. बारा वर्षांची पोरगी, जेवताना भातावर बोटानं रेघा ओढत बसायची.

गेम म्हणजे मारामारीचा नव्हे. त्यात आपलं एक गाव वसवायचं. घरं, झाडं, ओढा, ओढ्यावर पूल. इथं ऊन तर तिथं ऊन, इथं बारा वाजले की तिथंही बारा. गाव देखणं झालं की दुसऱ्या गावांतली माणसं पाहुणी येतात, हिंडतात, कौतुक करतात. गौरीनं वर्गातल्या अकरा पोरींना गावाचा नंबर देऊन ठेवला होता. एकही आली नव्हती.

"आजोबा, तुम्ही एवढी घरं बांधलीत," ती म्हणाली. "माझ्या गावात काय चुकलंय ते बघा ना."

मी गवंडी माणूस. निपाणीकडून आलो आणि चाळीस वर्षं या शहराला विटा लावल्या. अक्षर एक येत नाही, पण गाव बघायला अक्षर कशाला लागतंय? कोथिंबीर निवडत निवडत बघितलं. सांगितलं, रस्ता सरळ नेऊ नको, स्वल्प वळू दे, पुढं काय आहे ते माणसाला बघावंसं वाटलं पाहिजे. मोठ्या झाडाला पार बांध. आल्या आल्या पाण्याचा माठ दिसू दे. ती करत गेली. मग माझ्या ध्यानात आलं, सगळ्या घरांची दारं आमच्याकडं तोंड करून आहेत. उत्तर कुठं म्हणून विचारलं, तर म्हणाली वर. म्हणजे झाडून सगळी दारं दक्षिणेला. ती फिरवता येत नाहीत म्हणे, गेमच तसा आहे.

मला हसू आलं. म्हटलं, "दक्षिणेच्या दारानं कोण येणार, बाई? पितरं येतील."

"येऊ देत," गौरी म्हणाली. "कुणीतरी येऊ दे."

तिथं मी चुकलो. एक घर रिकामं होतं आणि ते कुणाचं याची पाटी लावायची होती. मला वाचता येत नाही म्हणून ती पाट्यांवर चित्रं काढायची. मी म्हणालो, हे देवाप्पा आणि यल्लव्वाचं कर. माझ्या हाताखाली होती ती नवराबायको. अर्ध्या बनशंकरी भागाची घरं बांधली आणि स्वतः ताडपत्रीखाली झोपली. त्यांचं एक घर असू दे कुठंतरी. गौरीनं पाटीवर थापी काढली, शेजारी घमेलं काढलं, आणि दारात माठ ठेवला. ती दोघं आता कुठं असतात, तिनं विचारलं. गेली, म्हणालो. पुढं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठीक बारा वाजता गावात पाहुणी आली. गावात हिंडणाऱ्या गौरीच्या बाहुलीएवढीच पोरगी, वळणाच्या रस्त्यानं आली ती थेट माठापाशी थांबली. गौरी पलंगावर उभीच राहिली.

"कावेरी नाव आहे तिचं, आजोबा."

कांदा चिरता चिरता माझी सुरी थांबली. पण मग म्हटलं, या शहरात नळालासुद्धा कावेरीच येते, पोरींची नावं काय कमी असतील? पुन्हा कांदा चिरायला लागलो.

रोज बाराला ती यायची, एकला जायची. दोघी मासे धरायच्या, फुलं लावायच्या, पुलावरून पळायच्या. गौरी मोठ्यानं हसायची. दोन पोळ्या खायला लागली. शुभदा मला म्हणाली, बाबा, तुम्ही काय जादू केलीत?

चौथ्या दिवशी त्या घराच्या पाटीवर तिसरं चित्र होतं. थापी, घमेलं, आणि खाली एक गोल.

"कावेरीनं काढलंय," गौरी म्हणाली. "डोनट आहे."

डोनट नव्हता तो. चुंबळ होती. घमेलं डोक्यावर टेकवायला बायका चिंधीची गोल वळकटी करतात, ती. यल्लव्वाची पोरगी आईची चुंबळ डोक्यावर ठेवून तिच्यावर एकच वीट घ्यायची आणि साऱ्या कामावर मिरवत फिरायची. म्हणायची, अण्णा, बघ, मी आईएवढी झाले. नऊ वर्षांची होती. कावेरी तिचं नाव. ते नाव मी या घरात कधी काढलेलं नाही. अभिजीतच्या आईजवळसुद्धा नाही.

"ती विचारतेय..." गौरी पडद्यावरची अक्षरं वाचत म्हणाली. "अण्णा आहेत का घरी? मी लिहिलं, मला अण्णा नाही, आजोबा आहेत."

"मग?"

"म्हणाली, सरी. म्हणजे बरं."

त्याच दिवशी त्या घरामागं भिंत सुरू झाली. गौरीनं केलेली नव्हती. कावेरीचे अप्पा, म्हणजे बाबा, बांधतायत, गौरी म्हणाली, पण बांधताना कुणी दिसत नव्हतं. रोज हातभर भिंत चढायची. कोपऱ्यावर दर तिसऱ्या थराला एक वीट नखभर बाहेर. देवाप्पाची खोड ती. त्यावरून मी त्याला किती बोललो असेन.

तुम्ही म्हणाल, गेम बंद का केला नाहीस? दोनदा बटणापर्यंत हात नेला. पोरगी हसत होती हो.

सुट्टीचा शेवटचा दिवस आला. चुलीवर... गॅसवर डाळ शिजत होती. बाराला पाच कमी असतील. डाळीच्या वासात दुसरा वास मिसळला. भिजवलेल्या विटेचा. दहाव्या मजल्यावर, सगळीकडं फरश्या आणि काचा, तिथं ओली वीट कुठली? मग आवाज. विटेवर थापी ठोकतात तो. टक... टक... थांबून पुन्हा टक. मी गौरीच्या खोलीत गेलो. पडद्यावर भिंत पुरी झाली होती, नऊ फूट. तिची सावली दोन हात पडली होती आणि सावलीत कावेरी बसलेली. शेजारची जागा मोकळी. गौरीची बाहुली त्या जागेकडं चालली होती.

मी ट्रंकेतून माझा ओळंबा काढला. लोखंडी आहे, दोरी बदलली, वजन तेच. टीव्हीसमोर दोरी धरली आणि एक डोळा मिटला. भिंत बोटभर सुटलेली होती, सावलीकडं कललेली.

आता जे सांगतो ते पस्तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बनशंकरीतल्या एका कामावर त्या दिवशी मी असाच ओळंबा लावला होता, आणि भिंत बोटभर सुटली होती. मालकाला घाई होती. मी म्हटलं, जेवणं होऊ देत, मग वरचे थर उतरवू. देवाप्पा भाकरीचं फडकं घेऊन आला आणि विचारलं, अण्णा, इथं सावलीला बसू का? मी म्हणालो, बस. एवढंच. मी पाणी प्यायला वळलो, आणि मागं आवाज झाला. तिघंही विटांखाली. सगळे म्हणाले, भिंत ओली होती, नशीब. ओळंब्याचं मला कुणी विचारलं नाही.

"आजोबा," गौरी म्हणाली, "हिला उठवता येत नाहीये."

तिची बाहुली कावेरीशेजारी बसली होती. गौरी बटणं दाबत होती. मग बटणं दाबायचं थांबली.

"आजोबा... भिंत गरम लागतेय."

तिच्या पाठीमागची. पलंगाची. मी तिचा हात धरून ओढला. बारा वर्षांची पोरगी, पण सिमेंटच्या गोणीसारखी जड. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला हलता येत नव्हतं. टक... टक... आवाज आता टीव्हीतून नव्हता. तिच्या डोक्याच्या वर होता.

मी ओळंबा हातात धरून पडद्याकडं तोंड केलं.

"देवाप्पा, बसू नका तिथं. भिंत ओळंब्यात नाही. मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं... उठा."

थापी थांबली. भिंतीमागून दोघं बाहेर आली, एक बाप्या आणि एक बाई, बाईच्या कमरेला घमेलं. दोघांनी माझ्याकडं बघितलं. मग गौरीची बाहुली उठली, आणि इकडं गौरी माझ्या अंगावर कोसळली. ती दोघं माठावरून, पारावरून, वळणाच्या रस्त्यानं दक्षिणेला निघून गेली. मागं वळून बघितलं नाही.

कावेरी उठली नाही. तिची मान एका बाजूला कललेली होती. त्या दिवशीही भाकरी खाऊन तिला अशीच झोप लागली होती. माझं 'उठा' तिला ऐकू गेलंच नाही.

गौरीनं रडत टीव्ही बंद केला. गेम नंतर अभिजीतनं कुणाला देऊन टाकला. आता तिला शाळेत मैत्रीण आहे, आश्लेषा म्हणून, घरी येते, दोघी मिळून माझ्या मराठीला हसतात. ते सगळं ठीक चाललंय.

पण या घरात राहायला आलो त्या दिवशी मी सवयीनं प्रत्येक भिंतीला ओळंबा लावला होता. एकूणएक भिंत केसासारखी सरळ. त्या दुपारी गौरीला झोपवून तिच्या पलंगामागच्या भिंतीला पुन्हा लावला. खाली बोटभर अंतर. भिंत आत झुकलेली. अभिजीतनं इंजिनिअर आणला, त्याचं यंत्र म्हणालं सरळ आहे. सकाळी आला होता तो. सकाळी माझा ओळंबाही सरळच सांगतो. सुटते ती बारा ते एक.

पलंग मी समोरच्या बाजूला नेला. पण पोरगी आहे, सुट्टी असली की विसरून तिथंच टेकते. म्हणून बाराला मीच त्या भिंतीला पाठ लावून बसतो.

त्या भिंतीपलीकडं खोली नाही, गॅलरी नाही. दहा मजल्यांची हवा आहे नुसती. तरी बारा वाजले की पलीकडून ऊब लागते. भिंतभर नव्हे. माझ्या खांद्यांच्या खाली, एवढीशी. लहान पोरानं पाठीला पाठ लावून झोपावं, तेवढी.

मी रोज हळूच सांगतो, ऊठ, बाळ.

परवा तिनं कूस बदलली.