उलट्या लाटेखाली उरलेलं

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच: ताईचा आवाज पुसून टाकला, तरी कुणीतरी ओठ चाटत होतं.

माझी थोरली बहीण घरी बसून पुस्तकं वाचते, रेकॉर्ड करते, आणि ती साफ करायला माझ्याकडे स्टुडिओत येतात. तिचे दोन माइक असतात, एक ओठांपाशी, एक छातीवर. एकाच्या आवाजाची लाट उलटी करायची आणि फेजचं बटण हळूहळू फिरवत ती दुसरीवर नेमकी बसवायची. मग बोलणं बोलण्याला गिळून टाकतं, मागचा कचरा तेवढा ऐकू येतो. पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर. माझं रोजचंच काम.

त्या दुपारी उरलं ते मात्र ओलं होतं. चिकट. खळीच्या भांड्यात कुणी बोट फिरवावं तसं...

"गोळी चघळत वाचलंय तुझ्या ताईनं," शेजारच्या टेबलावरचे सर हसले. "साठ पानं आणि एक गोळी! काटकसरी बाई."

मी हेडफोन त्यांच्यापुढे धरला. थोडं ऐकून त्यांनी तो काढला आणि रुमालानं कान पुसला. मग दुसराही पुसला.

"बटण फिरवत राहा," ते हळूच म्हणाले. "तो ओला आवाज कुठे नाहीसा होतो बघ. येतो कुठून, ते कळेल."

सोमवारच्या वाचनात तो छातीच्या माइकपाशी नाहीसा झाला. बुधवारी दोन्ही माइकच्या बरोबर मध्ये, म्हणजे गळ्यात. आणि त्याच दिवशी सकाळच्या वाचनात...

"ओठांपासून दोन बोटं आत," सर म्हणाले. "म्हणजे..."

"जिभेखाली."

माझ्याच तोंडात लाळ जमली. गिळवेना. शी! कचऱ्याच्या टोपलीत थुंकले आणि ताईला फोन लावला.

वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. कितव्यांदा कोण जाणे, पण एकदाचा भावजींनी उचलला.

"भावजी, ताईला वाचू देऊ नका! आधी तिचं तोंड उघडून बघा, आत काहीतरी..."

"हळू बोल गं," ते कुजबुजले. त्यांना धाप लागली होती. "तोंड मी हातानं दाबून धरलंय तिचं. दहा मिनिटं झाली... वाचन थांबत नाहीये."