खडकच्या कार्यक्रमाला दोघं

हसणार असाल तर सांगत नाही. आमचं घराणं रामकुंडावर दशक्रिया करणारं. मी देवव्रत, आठवडाभर ऑफिसात, रविवारी बाबांसोबत घाटावर. आणि वेड कशाचं, तर रॉकचं! ‘खडक’ बँडची सगळी गाणी तोंडपाठ, पण त्यांना प्रत्यक्ष ऐकायचा योग त्या रविवारी पहिल्यांदाच येत होता. नाशकातच, संध्याकाळी सहाला.

सकाळी वणीच्या सोमनाथचं दहावं होतं. चोवीस वर्षांचा, अपघातात गेलेला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. आईला सांभाळू म्हणून झालं, शेत विकणार नाही म्हणून झालं. कठड्यावर कावळ्यांची रांग, एकही हलेना. अशा वेळी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा आणि मोकळं व्हायचं. मी दर्भ हातात घेतलासुद्धा.

तेवढ्यात त्याची बहीण पूजा हळूच म्हणाली, “गुरुजी, आज त्याला खडकच्या कार्यक्रमाला जायचं व्हतं. लय मनात व्हतं त्याच्या.”

मला काय दुर्बुद्धी सुचली! वचन द्यायचं ते घरच्यांनी. पण मीच हात जोडून बोलून गेलो, “सोमनाथ, मीही तिकडेच चाललोय. चल, तुला नेतो.”

कावळा झपकन खाली आला.

संध्याकाळी गेटवरच्या बाईंनी माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला आणि दुसरा काढला.

“तुमच्यासोबतचे कुठे गेले?”

“मी एकटाच आहे.”

“आत्ता तर होते... कपाळभर गुलाल लावलेले.”

हा नक्की माझ्या मित्राचा, सुनीलचा चावटपणा! सोबत येणार होता, आयत्या वेळी टांग दिली होती. त्याला फोन लावला. मागे यंत्रमागांची खटखट.

“अरे, मी मालेगावात, सासऱ्यांकडे! काय झालं?”

काही नाही म्हणालो. सोमनाथ खरंच आलाय, यावर माझा तरीही विश्वास बसला नव्हता.

आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी माझ्या उजवीकडे एका माणसाएवढी जागा रिकामी. मागून रेटा यायचा, लोक धडपडायचे, पण तिथे कुणी पाय टाकेना. ओल्या दर्भाचा वास येत होता. ज्या गाण्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला ते सुरू झालं, आणि मी ते ऐकलंच नाही. मी त्या रिकाम्या जागेकडेच बघत होतो.

“सोमनाथ... झालं ना मनासारखं? आता जा, बाबा.”

उजवीकडून, अगदी कानाशी, कुणीतरी पुढची ओळ गुणगुणलं.

नेतो म्हणालो होतो. परत सोडतो असं कुठे म्हणालो होतो?

तेव्हापासून मी पिंड मांडला की कावळा शिवत नाही. शेजारच्या गुरुजींकडे तुटून पडतात, आमच्याकडे दर रविवारी दर्भाचाच कावळा. यजमान कुजबुजतात. परवा बाबा म्हणाले, “देवा, थोडे दिवस घाटावर येऊ नकोस.” पिढ्यान्‌पिढ्यांची जागा, आणि माझ्यामुळे!

कावळे उडून जात नाहीत, हे मात्र मी बाबांना सांगितलेलं नाही. कठड्यावर रांगेत बसतात, आणि सगळेच्या सगळे माझ्या उजवीकडे बघतात.