एकवीस दिवस कमी

"त्या फळीवर पाय देऊ नका..." असं कुणीतरी ओरडलं, तोवर टॅम्सिनने पाय दिलेला होता.

फळी मोडली. टॅम्सिन कुंपणाच्या पलीकडे, ऑक्टोबरच्या चिखलात, जेवायला मांडी घालावी तशी बसली. हातातली वही तेवढी तिने उंच धरली होती. बारीक भुरभुर चालली होती. हेझलकोम गावात तिला कुणी पाऊस म्हणत नाही.

ओरडणारा माणूस मेंढ्यांमधून धावत आला. हातात हातोडी, ओठांत दोन खिळे, कानाच्या पाळीला रंग लागलेला.

"लागलं का?" खिळे काढून त्याने विचारलं.

"अब्रूला फक्त."

"ती पडण्याआधी ठीक होती ना?"

टॅम्सिनने वर पाहिलं. हसू दाबायच्या खटपटीत त्याचे गाल आत ओढले गेले होते. आपल्याला राग यायला हवा, हे तिला समजत होतं, पण तो काही वेळेवर येईना.

"मी जेथ्रो," त्याने हात पुढे केला. "कुंपण ओलांडायची ही पायरीच दुरुस्त करायला निघालो होतो. हे कुरण आता माझं आहे. सायलसकाका गेले ना..."

"माहीत आहे. मी होते चर्चमध्ये, अंत्यविधीला."

"मग मी तुम्हांला कसं पाहिलं नाही?"

"तुम्ही सँडविचच्या टेबलापाशी होतात. पूर्ण वेळ."

त्याने तिला ओढून उभं केलं. उभी राहिल्यावरही हात सोडायला दोघांनाही जरा उशीरच झाला.

टॅम्सिन जनावरांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलाशी बसायची आणि सुट्टीत गावासाठी 'सोप्या वाटा' नावाचं पत्रक काढायची. कुठे वळायचं, कुठलं फाटक लावून घ्यायचं, चढ किती, शेवटी चहा कुठे मिळतो. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी अशा वाटा म्हणजे मोठा आधार. पण ओढ्यावरून सायलसच्या कुरणातून शेजारच्या मार्लफर्डला जाणारी सगळ्यांत सपाट वाट त्या पत्रकात नव्हती. ती सरकारी नकाशावरच नव्हती.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण जेथ्रोला ती कुणीच सांगितली नाही. त्या देशात एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षं चालले, न लपता, न भांडता आणि मुख्य म्हणजे मालकाला न विचारता, तर ती वाट कायमची लोकांची होऊ शकते. मालकाने मध्येच "या हो, खुशाल या" म्हटलं की संपलं. मग ते चालणं हक्काचं राहत नाही, मेहरबानीचं होतं.

ओढ्यावर फळी टाकून ती वाट सुरू केली मिस्टर ओटवेंनी. ते वारल्यावर त्यांच्या बायकोने, ब्याऐंशी वर्षांच्या मिसेस ओटवेंनी, एकही गुरुवार चुकवला नव्हता. मार्लफर्डला त्यांची बहीण राहते. सायलसकाका हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही, खिडकीतून नुसता बघायचा. येत्या मार्चच्या नऊ तारखेला वीस वर्षं भरत होती. पुतण्या जेथ्रो आल्यावर गावच्या समितीच्या अध्यक्ष म्हणून मिसेस ओटवेंनी बजावलं, "कुणी चकार शब्द काढायचा नाही. विचारायला जाल आणि तो फाटकाला कुलूप घालील. टॅम्सिन, तू तर मुळीच नाही. तुझं तोंड म्हणजे उघडी खिडकी."

टॅम्सिनने मान डोलावली. त्या रविवारी ती पुन्हा त्या वाटेने गेली. वाट चालती ठेवायला हवी होती, एवढं कारण तिने स्वतःला दिलं. जेथ्रो कुरणातच होता. तो बरोबर चालू लागला.

"मी ब्रिस्टलला खुर्च्या बनवायचो," तो म्हणाला. "मेंढ्यांचं मला काही कळत नाही."

"ते मेंढ्यांनाही कळलंय. ती बघ, लंगडतेय. आधी खूर बघ तिचा."

"तू बघ ना. मी तुझी वही धरतो."

"वही सगळेच धरतात. मेंढी धर!"

त्याच रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. नोव्हेंबरात त्याने तिला जळकं सूप पाजलं आणि ती दोन वाट्या प्यायली. डिसेंबरात आजारी मेंढीपाशी दोघं दुपारभर स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली. चुकून खांद्याला खांदा लागला आणि मग कुणीच सरकलं नाही. जानेवारीत टॅम्सिनला कळून चुकलं की आपण प्रेमात पडलोय. तिला आनंद झाला आणि लाजही वाटली, कारण दर रविवारी त्याच्याशेजारून चालताना ती त्याच्याच जमिनीवरचे दिवस मोजत होती. दहा वेळा तिने तोंड उघडलं आणि दहा वेळा मेंढ्यांविषयी बोलून मिटलं.

फेब्रुवारीच्या एका रविवारी ती पायरीपाशी आली आणि जागच्या जागी थिजली. कुंपणाला नवी कोरी पाटी होती: 'चालणाऱ्यांचं स्वागत. खुशाल या.' खाली बटाट्यासारखी दिसणारी एक मेंढी रंगवलेली.

जेथ्रो पाटीखालीच उभा होता. "कशी झालीय?"

"ही... कधी लावलीस?"

"गुरुवारी सकाळी. मिसेस ओटवे बराच वेळ बघत होत्या. आवडली बहुतेक."

"एकवीस दिवस, जेथ्रो! गुरुवारपासून फक्त एकवीस दिवस राहिले होते!"

"कशाला?"

मग सांगावंच लागलं. तिचं सांगून झाल्यावर तो हळू म्हणाला, "म्हणजे ऑक्टोबरपासून तू माझ्याबरोबर चालत होतीस, आणि मनात मोजत होतीस?"

"मोजत होते. पण तेवढंच नव्हतं..."

"गावात सगळ्यांना माहीत होतं?"

"कुत्री सोडून."

विनोदाची ही वेळ नव्हती. जेथ्रोने हातोडी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "ही पाटी मी गावासाठी नव्हती लावली. तू दर वेळी इथे पायरीवर थांबून घराकडे बघतेस. मला वाटलं, मालक ओरडेल म्हणून बिचकतेस. म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं."

ती थांबायची ती तो बाहेर येतोय का ते बघायला. पण ती पाटीवरची मेंढीच बघत राहिली. तो वळून घराकडे गेला.

पाटी उतरवून कानावर हात ठेवता आले असते. पण वाट नकाशावर चढवायच्या अर्जाखाली प्रत्येकाला खरं लिहून सही करायची होती, आणि मिसेस ओटवे खोटी सही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या पाटीखालूनही जाईनात. पुढच्या गुरुवारी भर रस्त्याने निघाल्या. त्या रस्त्याला कडेला चालायला जागा नाही आणि लॉऱ्या सुसाट. एकीला चुकवताना म्हातारी चरात उतरली. जेथ्रोने ते कुरणातून पाहिलं आणि धावत जाऊन तिला वर काढलं.

"वाट मोकळी आहे ना! इकडून का चाललात?"

"परवानगीने?" स्कर्टवरचा चिखल झटकत मिसेस ओटवे म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने टाकलेल्या फळीवरून मी पाहुणी म्हणून जाणार नाही. आज तू हो म्हणतोस. उद्या कुरण विकलंस, की पुढचा नाही म्हणेल. सोड हात, मला उशीर होतोय."

टॅम्सिनला हे दवाखान्यात कळलं. पुढचे गुरुवार तिने रजा टाकून मिसेस ओटवेंना आपल्या मोटारीतून पोचवलं. रविवारी मात्र ती घरातच बसली. पत्रक पुढ्यात घ्यायची आणि एकच ओळ तीनदा खोडायची. त्याच्याकडे जावं तर तो म्हणणार, वाटेसाठी आली. न जावं तर म्हणणार, वाट गेली म्हणून येत नाही. दोन्हीकडून तीच खोटी ठरत होती आणि जेथ्रोवाचून तिला एक दिवस धड जात नव्हता.

मार्चच्या शेवटी गावच्या हॉलमध्ये वर्षाची सभा भरली. जेथ्रो मागच्या रांगेत बसला होता. 'इतर विषय' पुकारल्यावर तो उठला आणि एक कागद मिसेस ओटवेंपुढे ठेवला. मालकाने स्वतः सही केली तर वीस वर्षं मोजावी लागत नाहीत. त्याने वाट कायमची लोकांना देऊन टाकली होती. वकिलाने त्याला बजावलं होतं, जमिनीची किंमत पडेल आणि हे पुन्हा मागे घेता येणार नाही.

मिसेस ओटवेंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "चहा ठेवा कुणीतरी."

चहाच्या रांगेत जेथ्रो टॅम्सिनच्या मागे उभा राहिला. "आता माझ्याशी गोड वागायची कुणाला गरज उरली नाही," तो खाली बघत म्हणाला. "तुलाही नाही. ते बरं झालं. निदान कळेल तरी..." आणि रांग सोडून निघून गेला. चहा न घेता.

"मी जाऊ त्याच्यामागे?" टॅम्सिनने विचारलं.

"मला काय विचारतेस?" मिसेस ओटवे म्हणाल्या. "पुरे झालं आता समितीला विचारून वागणं."

रविवारी सकाळी टॅम्सिन निघाली ती ओढ्याकडे वळलीच नाही. लॉऱ्यांच्या रस्त्याने, चरातून उतरत-चढत, दोन मैलांचा वळसा घालून ती जेथ्रोच्या घराच्या पुढच्या दारापाशी पोचली आणि धडाधड ठोठावू लागली. तिकडच्या शेतघरांना पुढचं दार असतं, पण वापरतं कुणी? येणारा-जाणारा मागून, स्वयंपाकघरातून.

"कोण आहे?" आतून आवाज आला. "मागून या, हे दार फुगलंय."

"मी आहे. मागून येणार नाही. तिथे ती वाट आहे."

आतली पावलं दारापाशी आली.

"रस्त्याने आलीस?"

"रस्त्याने. तीन मोटारींनी चिखल उडवलाय माझ्यावर. मी वाटेसाठी आलेली नाही, जेथ्रो. तुझ्यासाठी आलेय. आधी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही, चुकले. पण दिवस मोजता मोजता कधीपासून मी रविवारच मोजायला लागले होते. माझं प्रेम आहे तुझ्यावर, आणि हे सगळं मी एका दाराला सांगतेय. उघड!"

आत कडी सरकली. मग धपकन खांदा आपटल्याचा आवाज. दार तसूभरही हललं नाही.

"टॅम्सिन," फटीला तोंड लावून तो म्हणाला. "माझंही आहे. पहिल्या दिवसापासून, चिखलापासून. पण हे दार ना... सायलसकाकाची शवपेटी नेली तेव्हा उघडलं होतं. त्याआधी त्यांच्या आईच्या लग्नात. लग्न नाहीतर मयत, एरवी ते उघडतच नाही."

टॅम्सिनने बाही वर सारली आणि बाहेरून खांदा लावला.

"मग लाव जोर," ती म्हणाली. "मी काही इथे मरायला आलेली नाही."